पाठ होतं म्हणून

शेवटची चार वर्षं आजीला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, पण शास्त्र, म्हणजे बायबल, रोज तिच्या मांडीवर असायचं. दिवेलागण झाली की ती ते जवळ ओढायची, दोन्ही अंगठे कडेवरून फिरवत पानांचा थर चाचपायची आणि बरोबर मध्यावर उघडायची. मध्यावर उघडलं की स्तोत्रसंहिता लागते. मग बोट ठेवून ती म्हणायला लागायची. उघडलेल्या पानावर तेच स्तोत्र आहे का, हे आम्ही कधी वाकून पाहिलं नाही. तिथं जे छापलेलं होतं ते साठ-सत्तर वर्षांपासून तिच्याजवळ होतंच.

आमच्या नगरच्या घरात अशी पाच म्हातारी माणसं एका छपराखाली राहत होती. आजी, आजोबा, आजोबांचे थोरले भाऊ म्हणजे पाळकआजोबा, त्यांची बायको म्हणजे आमची धाकटी आजी, आणि आजोबांची बिनलग्नाची बहीण, आत्याबाई. वयानं थोरली असूनही तिला धाकटी आजी का म्हणायचे, तर ती अंगानं ठेंगणी होती आणि आजी चांगली उंच. आम्ही सहा नातवंडं. घराला पाच खोल्या, पुढं कडुनिंब, मागं हौद. रविवारी देवळाची घंटा घरात ऐकू यायची. पहिल्या घंटेला आंघोळी उरकलेल्या असाव्या लागत, दुसऱ्या घंटेला सगळं घर रस्त्यावर असे. वाटेत भेटेल त्याला हात जोडून किंवा कपाळाशी नेऊन 'सलाम' म्हणायचं. आमच्यात अजूनही सलामच म्हणतात.

आता त्या पाचांपैकी कुणी नाही. आम्ही भावंडंच साठीच्या पुढं गेलो आहोत. मागच्या नाताळात सगळे एकत्र जमलो तेव्हा रात्रभर त्यांच्याच गोष्टी निघाल्या. एकानं एक आठवण काढायची, दुसऱ्यानं ती दुरुस्त करायची, तिसऱ्यानं तिला शेपूट जोडायचं. पहाटे चुलतभाऊ म्हणाला, "ताई, हे कुणीतरी लिहून ठेव." म्हणून हे लिहिते आहे. यातलं बरंचसं आम्हा सहाजणांचं आहे.

घराची खरी वेळ संध्याकाळची. कंदील किंवा पुढं दिवा लागला की पाळकआजोबा बैठकीत चटई टाकायला सांगत. पेटी बाहेर निघे, झांज धाकट्या आजीच्या हातात. आधी गीत, मग शास्त्र, मग प्रार्थना, मग पुन्हा एक गीत. शास्त्र पाळीपाळीनं वाचायचं, प्रत्येकानं एक वचन. ज्याला अक्षरओळख नसे त्याच्या वाटणीचं वचन शेजारचा कानात सांगे आणि तो मोठ्यानं म्हणे. मी वाचायला शाळेत शिकले असं माझ्या दाखल्यावर असेल, पण खरं शिकले ते या चटईवर. 'नबुखद्नेस्सर' न अडखळता म्हटलं तेव्हा आजोबांनी मला एक पेरू दिला होता.

आजोबा नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. एकशिक्षकी शाळा. आठवडाभर मुलं शिकवायची आणि रविवारी त्याच खोलीत उपासना घ्यायची. या भागातलं हे काम जुनं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईला उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. १८४२ साली नगरातच 'ज्ञानोदय' सुरू झाला. आजोबांच्या काळी तो पोस्टानं घरी येई. आधी आजोबा वाचत, मग पाळकआजोबा, मग तो आत्याबाईच्या उशाखाली जाई आणि शेवटी आजी त्याचे अंक सुतळीनं बांधून माळ्यावर टाकी. रद्दीला एकही अंक गेला नाही.

पाळकआजोबांना देशी चालींचा फार अभिमान. देवळात बाजाच्या पेटीवर इंग्रजी चालीची गीतं होत, ती ते मनापासून गात, पण घरी अभंग, दिंडी, साकी, ओवी. ते म्हणत, "आपला विश्वास मराठीत पहिल्यापासून गाऊनच आला." मग सांगत की इंग्लंडात जन्मलेले फादर स्टीफन्स गोव्यात राहिले, मराठी शिकले आणि त्यांनी दहा हजारांवर ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. तिथून ते उडी मारत ती थेट रेव्हरंड ना. वा. टिळकांवर. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. ते नगरला येऊन राहिले, त्यांनी इथं शिकवलं, गीतं रचली, ख्रिस्ती कीर्तनं केली. 'उपासनासंगीत' हे गीतांचं पुस्तक उघडावं तर पानोपानी टिळक. पाळकआजोबांनी तरुणपणी टिळकांचं कीर्तन ऐकलेली माणसं पाहिली होती, आणि त्यांना तेवढंही पुरेसं वाटे.

आजीचा जीव मात्र लक्ष्मीबाई टिळकांवर. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा आजी वीस वर्षांची होती. पुढं ते पुस्तक घरात इतक्यांदा मोठ्यानं वाचलं गेलं की त्याची पाठपुठ्ठ्याची शिवण दोनदा नव्यानं घालावी लागली. आजी सांगे, "नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून ती नाही बदलली. पाच वर्षं थांबली, भांडली, पाहिलं, आणि पटलं तेव्हा १९०० साली बाप्तिस्मा घेतला." आजीच्या लेखी हे फार मोठं होतं. टिळक १९१९ मध्ये गेल्यावर लक्ष्मीबाई जवळजवळ सतरा वर्षं जगल्या, त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरं केलं, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईनं साठी उलटल्यावर मराठीतलं ते आत्मचरित्र लिहिलं. "म्हातारपणी माणूस कामाचं राहत नाही असं कोण म्हणतं?" असं म्हणून आजी पुस्तक मिटायची.

आजीच्या मांडीवरचं शास्त्र कुठून आलं, ही आमच्या घरातली सर्वांत जुनी गोष्ट. आजीची आई, आमची पणजी, १९०० सालच्या दुष्काळात गुजरातेत अनाथ झालेली पोर. पंडिता रमाबाईंनी त्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो मुली केडगावला मुक्ती सदनात आणल्या, त्यांतली ही एक. सहा वर्षांची असावी. स्वतःचं जन्मगाव तिला कधीच सांगता आलं नाही. मुक्तीत ती मराठी शिकली, वाचायला शिकली, आणि थोडी मोठी झाल्यावर छापखान्यात खिळे जुळवायला लागली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळ्या बायबलाचं मराठी भाषांतर हाती घेतलं होतं. खेड्यातल्या बाईला समजेल असं सोपं मराठी त्यांना हवं होतं. खिळे जुळवणं, छापणं, बांधणं ही सगळी कामं मुक्तीतल्या मुली आणि बायकाच करत. नवा करार आधी निघाला. पणजीनं जुळारी म्हणून त्याच्यावर काम केलं आणि मग लग्न होऊन ती नगरला आली.

रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. आदल्याच वर्षी त्यांची एकुलती एक लेक मनोरमाबाई गेली होती. सगळं ज्या लेकीच्या हाती सोपवायचं, तीच गेली, आणि त्या आजारी बाईनं तरीही भाषांतराचं काम खाली ठेवलं नाही. संपूर्ण शास्त्र १९२४ साली छापून बाहेर आलं. पणजीनं त्याची प्रत मागवून घेतली. तीच पुढं आजीकडं आली. पणजी खिळा जुळवताना अक्षर उलटं वाचायची, त्यामुळं तिला नव्या करारातली कितीतरी पानं नुसती पाठ नव्हती, ओळ कुठं मोडते तेही ठाऊक होतं, असं आजी सांगे. आम्ही लहानपणी हे ऐकून हसायचो. आता वाटतं, आमच्या घरातलं पाठांतर तिथून सुरू झालं. हातांतून डोक्यात गेलेलं.

आजीची श्रद्धा स्वयंपाकघरात दिसायची. चुलीच्या वर फळीवर एक मातीचं मडकं असे. भाकरीचं पीठ किंवा भाताचे तांदूळ काढताना आधी एक मूठ त्या मडक्यात पडे. महिन्याअखेर मडकं देवळात जाई, तिथून ते धान्य कुठल्या ना कुठल्या अडलेल्या घरी. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला जात होती, कामावर सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो. आमच्याही घरात सकाळ-संध्याकाळ मिलोचीच भाकरी. त्या वर्षी मूठ लहान झाली, पण एकही दिवस चुकली नाही. आई एकदा आजीला म्हणाली, "आत्या, यंदा राहू द्या की." आजीनं मडक्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाली, "यंदाच तर पाहिजे." एवढंच. घरातल्या कुणाला तिनं यावर उपदेश केल्याचं आठवत नाही.

आत्याबाई नर्स होती. तीस वर्षं दवाखान्यात आणि निवृत्तीनंतर वीस वर्षं गल्लीत. कुणाचं बाळंतपण, कुणाचं पडून राहिलेलं म्हातारं माणूस, कुणाच्या पाठीला अंथरुणाच्या जखमा. गरम पाणी, कडुनिंबाचा पाला, स्वच्छ धुतलेल्या जुन्या धोतराच्या पट्ट्या घेऊन ती निघायची. तिच्याजवळ निळ्या पुठ्ठ्याची एक वही असे, तिच्यात नावं. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्यांची नावं, रोज पहाटे एकेक करून वाचायची. बरं झालेल्या माणसापुढं ती बारीक फुली मारी, वारलेल्यापुढं काहीच नाही. ते नाव मात्र खोडत नसे. गुडघे गेले, घराबाहेर पडणं थांबलं, तेव्हा ती म्हणाली, "आता पाय नाहीत, पण वही आहे." पुढं डोळे अधू झाल्यावर ती वही आम्ही तिला वाचून दाखवत असू. तिच्यात टांगेवाल्या चाचांचं नाव होतं, शेजारच्या वाड्यातल्या मुलीची बारावीची परीक्षा होती, आणि मला ज्या वर्षी नोकरी मिळत नव्हती त्या वर्षी माझं नाव तीन पानांवर होतं. मला ते तोपर्यंत माहीत नव्हतं.

ही माणसं कायम प्रसन्न आणि शांत असत, असं मात्र कुणी समजू नये. १९७६ साली माझे धाकटे काका, आजीचं शेंडेफळ, काविळीनं गेले. वय एकतीस. आजीनं मातीला जाताना डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, आणि त्यानंतर वर्षभर ती गायली नाही. संध्याकाळी चटईवर येऊन बसायची, शास्त्र मांडीवर घ्यायची, पण ओठ मिटलेले. तिच्या पाळीचं वचन आलं की घर क्षणभर थांबे आणि मग शेजारचा पुढचं वाचू लागे. गल्लीतल्या, देवळातल्या माणसांनी येऊन तिला खूप सांगितलं, देवाची इच्छा, देवाची योजना. ती ऐकून घेई.

पाळकआजोबांनी मात्र तिला काहीच सांगितलं नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या दुःखात बोलायचंच काम केलेला तो माणूस घरात गप्प राहिला. एका संध्याकाळी त्यांनी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढलं. ते आमच्याकडं सहसा वाचलं जात नसे. बाकीची विलापाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी आशेकडं वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. त्यांनी ते शेवटापर्यंत सावकाश वाचलं, पुस्तक मिटलं, आणि म्हणाले, "वहिनी, हेही शास्त्रातच आहे." त्या दिवशी प्रार्थना झाली नाही. थोरल्या भावानं धाकट्या भावाच्या बायकोला वहिनी म्हणावं असं नातं नव्हतं. त्यांनी ते मानानं म्हटलं. त्या रात्री आजी पहिल्यांदा रडली. पुढच्या ईस्टरला पहाटे आम्ही सगळे कबरस्थानात सूर्योदयाच्या उपासनेला गेलो. आजीनं काकांच्या कबरीवरचा पाला हातानं गोळा केला, मेणबत्ती लावली आणि सगळ्यांबरोबर गायला लागली. आवाज बसलेला होता. तिचा विश्वास उडाला होता आणि परत आला, असं मला वाटत नाही. तो वर्षभर गप्प बसून चटईवर येत होता.

घराबाहेर बरंच काही बदलत गेलं. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरात उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आमच्या देवळावरची पाटी बदलली. मिशनरी मायदेशी परतले. शाळा सरकारी अनुदानावर गेल्या. तरुण मुलं पुण्या-मुंबईला, काही आखातात. आजोबा म्हणत, "पाटी बदलली, बाक तेच आहेत." रविवारी ते उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर बसत. तिथं त्यांच्या कोपराखालचं लाकूड गुळगुळीत झालं होतं. १९८४ साली नाताळाआधीच्या आगमनकाळात ते झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी आपल्या पाळीचं वचन वाचलेलं होतं.

पाळकआजोबांना ब्याऐंशीव्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. चाळीस वर्षं ज्यानं उपदेश केला, त्याला 'पाणी' म्हणता येईना. ते डोळ्यांनी मागत, आणि समजलं नाही की त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. महिनाभरानं एका संध्याकाळी धाकट्या आजीनं नेहमीसारखी झांज घेतली आणि गीत सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला पलंगावरून आवाज आला. पाळकआजोबा गात होते. शब्द स्पष्ट, चाल बिनचूक. गीत संपलं आणि पुन्हा त्यांना 'पाणी' म्हणता येईना. आम्हाला तो चमत्कार वाटला. डॉक्टरांनी समजावलं की बोलण्याचा कारभार बहुतेकांच्या मेंदूत डाव्या अंगाला असतो, तिथं इजा झाली की शब्द सुचत नाहीत. गाण्यात मात्र उजवं अंगही भाग घेतं, म्हणून बोलू न शकणारी माणसं कधी कधी ओळखीचं गाणं गाऊ शकतात. पाळकआजोबांच्या उशाशी बसून मी त्यांना हे सांगितलं. ते हसले. आत्याबाई म्हणाली, "देवानं माणूस घडवतानाच ती सोय करून ठेवली, असं म्हण." पुढची दोन वर्षं त्यांच्याशी घरचं बोलणं बरंचसं गीतांतून चाललं.

धाकटी आजी ते गेल्यावर हळूहळू विसरत गेली. आधी डबे, किल्ल्या, मग वार, मग मुलांची नावं. मला ती तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारी. दर पाव तासानं विचारी, "जेवणं झाली का?" पण प्रभूची प्रार्थना सुरू झाली की तिचे हात आपोआप जोडले जात आणि ती आमेनपर्यंत सगळ्यांबरोबर जाई. मध्ये आम्ही मुद्दाम थांबून पाहिलं. ती थांबली नाही, एकटीच पुढं गेली. त्या दिवशी आम्हाला आमचीच लाज वाटली. तिची परीक्षा पाहण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला होता?

आजी सर्वांत शेवटी. चौऱ्याऐंशीवा वाढदिवस झाला तेव्हा म्हणाली, "आता मी हन्नाच्या वयाची झाले." लूकच्या शुभवर्तमानात मंदिरात राहणारी चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना आहे, जिनं बाळ येशूला पाहिलं आणि भेटेल त्याला सांगत सुटली. आजीला ती फार आवडायची. तिनं स्वतःच्या जाण्याची तयारी शांतपणे करून ठेवली होती. ट्रंकेत पांढरं लुगडं, कोणती तीन गीतं गायची त्यांची यादी, आणि एका रुमालात खांदेकऱ्यांच्या चहासाठी पैसे. भीती वाटते का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "दुखण्याची वाटते. जायची नाही वाटत." खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून मी दोन्ही वाक्यं खरी मानते.

शेवटच्या आठवड्यात ती दवाखान्यात होती. शास्त्र घरी राहिलं होतं. मी आणायला निघाले तर तिनं हात धरला. "राहू दे," म्हणाली, "पाठ आहे." आणि मग माझ्याकडं तोंड करून, "तुला येतं का एकाहत्तरावं?" म्हातारपणी मला टाकू नकोस, असं विनवणारं ते स्तोत्र. मला अर्धंच येत होतं. तिनं ओळ म्हणायची, मी तिच्यामागून. तीन दिवसांत ते मला आलं. चौथ्या दिवशी ती गेली. २००१ सालचा जानेवारी.

त्या पाचांकडं पाहून मला एक गोष्ट कळली, आणि सांगायची आहे ती तेवढीच. म्हातारपणात विश्वास नव्यानं येत नाही. डोळे जातात, पाय जातात, वाचा जाते, स्मरण जातं. अशा वेळी माणसाजवळ तेच उरतं जे त्यानं धडधाकट असताना रोज थोडं थोडं आत ठेवलेलं असतं, मडक्यातल्या मुठीसारखं. आमच्या माणसांनी ते मराठीत ठेवलं, चालीत ठेवलं, पाठ करून ठेवलं. म्हणून ते कुणाला काढून घेता आलं नाही, आजारालाही नाही.

आमच्या मुला-नातवंडांच्या फोनमध्ये सगळं शास्त्र आहे, हवं ते वचन क्षणात सापडतं, आणि त्याचा मला आनंदच आहे. पणजीनं एकेक खिळा जुळवून जे केलं ते आता असं हातोहात पोचतं. पण पाठ कुणालाच नाही. आम्हा सहाजणांनाही अर्धंमुर्धंच. मागच्या नाताळानंतर आम्ही ठरवलं आहे, दर रविवारी संध्याकाळी फोनवरच एकत्र यायचं आणि एक स्तोत्र पाठ करायचं. मी अडुसष्ट वर्षांची आहे. पाठ व्हायला वेळ लागतो, पण होतं.

तुमच्या घरात असं कुणी म्हातारं माणूस अजून असेल, कोणत्याही धर्माचं असो, तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. त्याला जे पाठ आहे ते म्हणायला सांगा, आणि तुम्ही त्याच्यामागून म्हणा.